जुन्या पोलादी सायकलची फ्रेम घरी रंगवताना

आमच्या आबांची सायकल रॅले. नॉटिंगहॅमची नव्हे, आसनसोलची, सेन-रॅलेच्या कारखान्यातली. काळी फ्रेम, रॉडचे ब्रेक, पुढे पितळी बिल्ला. आबांच्या मागे कितीतरी वर्षं ती जिन्याखाली उभी होती. तिला रंग द्यायचं मनात आलं तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी थेट म्हणालो, "सायकलला लावायला काळा रंग द्या." काउंटरमागचे काका म्हणाले, "रंगाचं नंतर बघू. आधी थिनर कोणता वापरणार ते सांगा." मला तो आगाऊपणा वाटला. पुढे एक आख्खी फ्रेम वाया घालवली तेव्हा त्या प्रश्नाची किंमत कळली. त्याचं पुढे सांगतोच.

हा लेख रोडस्टर जातीच्या, म्हणजे जुन्या जड, ताठ बसून चालवायच्या सायकलींसाठी आहे: रॅले, हंबर, हर्क्युलिस, फिलिप्स, वरळीच्या कारखान्यातली हिंद, नंतरच्या अ‍ॅटलास आणि हीरो. पोलादी नळ्या, सांध्यांवर लग (नळ्यांची टोकं ज्यांत बसतात त्या पोलादी बाह्या) आणि आत पितळी जोड. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं तंत्र वेगळं, प्रायमरपासूनच वेगळं, तेव्हा ती इथे नको. प्रत्यक्ष हातांना काम चार-पाच दिवसांचं, पण मधल्या वाळण्यासकट महिना-दीड महिना धरा. पंधरा दिवसांत उरकायचं असेल तर पावडर कोटिंगवाल्याकडे, म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून चढवणाऱ्याकडे द्या. त्यात कमीपणा काही नाही. भट्टीचं १८० ते २०० अंश तापमान पितळी जोडांना काहीही करत नाही, ते वितळायला ९०० च्या आसपास लागतात. मला स्वतःला मात्र पावडर कोटिंगची फ्रेम आवडत नाही. थर जाड बसतो, लगच्या धारदार कडा गोलगोल होतात आणि सायकल जिमच्या मशिनीसारखी दिसायला लागते.

आधी ठरवा, रंगवायची का

सायकल उन्हात आणा. फडकं रॉकेलमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये किंचित ओलं करून सगळी फ्रेम पुसा. जुन्या ग्रीसचा, धुळीचा आणि हाताच्या घामाचा थर उतरला की खालचा रंग पुष्कळदा आपण समजतो त्यापेक्षा बरा निघतो. कारखान्यातला मूळ रंग भट्टीत भाजलेला असे. तो घरच्या कुठल्याही रंगापेक्षा कडक. सोनेरी रेघा आणि नळीवरचं नाव निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर माझं ऐका आणि इथेच थांबा. गाडीचं पॉलिश, वर मेण, उघड्या पडलेल्या जागी बारीक ब्रशने काळा ठिपका, बस्स. मूळ रंग खरवडला की तो परत आणायचा काही उपाय नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. जुन्या सायकली कशा दिसायच्या हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आधी तिथे एक चक्कर मारा, आणि रेघा कुठून निघतात आणि कुठे संपतात याकडे मुद्दाम लक्ष द्या.

रंगवायचंच ठरलं तर रंगाआधी लोखंड तपासा. लगच्या कडेलगत, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, तळाशी पायडलचा आस जिच्यातून जातो ती आडवी नळी) आसपास आणि मागच्या चाकाच्या खाचांपाशी रंगात केसासारखी रेघ दिसते का बघा. तिच्यातून तांबूस गंज पाझरत असेल तर ती बहुधा भेग असते. फ्रेम आधी पितळी वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या.

फ्रेम वाकलेली आहे का हे बघायला एक दोरा पुरतो. मागचं चाक काढा. दोऱ्याचं एक टोक मागच्या उजव्या खाचेला बांधा, दोरा ताणून हँडलच्या नळीला पुढून वळसा घाला आणि डाव्या खाचेपर्यंत परत आणा. आता सीटच्या नळीपासून दोरा दोन्ही बाजूंना किती अंतरावर आहे ते मोजा. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर रंगाच्या आधी सरळ करून घ्या. नंतर सरळ करायला गेलात तर नवा रंग तडकणार.

सुटी करणं

आधी फोटो. चारही बाजूंनी, आणि रॉड ब्रेकच्या जोडण्यांचे तर अगदी जवळून. ब्रेकचे दांडे, क्लिपा आणि छोट्या स्प्रिंगा कुठून कुठे जातात हे "लक्षात राहील" असं वाटतं, पण महिन्याभराने काही आठवत नाही. फ्रेमचा नंबर सीटच्या लगवर किंवा बीबीच्या खाली ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि छाप जपून ठेवा. जाड प्रायमरखाली तो नंबर बुजतो.

पायडल सोडवताना एक नियम लक्षात ठेवला की चूक होत नाही: दोन्ही बाजूंना पान्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे फिरवायचं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणून हा नियम. तसाच बीबीचा उजवा कप, म्हणजे छर्रे बसतात ती आट्यांची वाटी. इंग्लिश पद्धतीच्या या सायकलींना तोही उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पन्नास-साठ वर्षं न हललेला कप हटून बसला तर त्याच्याशी झुंजू नका. जागेवरच ठेवा, आतलं ग्रीस काढा आणि रंगवताना झाका.

कॉटर पिन म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) आसाला पक्का धरणारी पाचर. तिच्यापाशी बहुतेकांचं नुकसान होतं. आदल्या रात्री पिनेवर रॉकेल किंवा गंज सैल करणारं तेल सोडा. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करा, म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही. क्रँकच्या खाली, पिनेच्या डोक्याला जागा सोडून, जमिनीपर्यंत पोचेल असा लाकडी ठोकळा किंवा पाइपचा तुकडा टेका. मग जड हातोडीचा एकच ठाम घाव घाला. हलके हलके दहा घाव घातलेत तर पीन छत्रीसारखी फुलते आणि मग ती ड्रिल करूनच काढावी लागते. पीन तशीही नवी घ्यायची आहे, पण क्रँकचं भोक जुनंच राहणार आहे.

छर्रे मोजून घ्या. दोन्ही कपांतले आणि हँडलचे वरचे-खालचे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर लिहा. माझ्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे या कामाला आहेत.

पितळी बिल्ला शक्यतो काढू नका. त्याचे रिव्हेट ड्रिल करताना बिल्लाच वाकतो. त्यावर मास्किंग टेप चिकटवून कडेने धारदार ब्लेडने कापा. त्याला पितांबरी लावायची का, हा घरोघरचा वाद आहे. मी लावत नाही. आबांच्या हाताने झिजलेलं पितळ मला तसंच बरं वाटतं.

रंग उतरवणं

या टप्प्याला खरी काळजी लागते. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमची सायकल त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून जुना रंग कोरड्या सँडपेपरने किंवा ड्रिलला लावलेल्या वायर ब्रशने उडवू नका. ती धूळ नाकातोंडात जाते आणि घरात पसरते. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम घरापासून दूरच करा. रंग ओला करूनच उतरवायचा.

त्यासाठी पेंट रिमूव्हर लागतो. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मिळून अर्धा ते एक लिटर पुरतो. उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्या आणि जाड रबरी हातमोजे घालून. डॉक्टरांचे पातळ मोजे यात टिकत नाहीत. थेंब कातडीवर पडला तर मुंगी नव्हे, विंचू चावल्यासारखं होतं. लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुन्या ब्रशने जाड थर द्या, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा न घोळवता. वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला तर तो सुकत नाही आणि जास्त काम करतो. पंधरा-वीस मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात. तो बोथट पत्र्याने खरवडून जुन्या वर्तमानपत्रावर घ्या. भाजलेल्या मूळ रंगाला दोन, कधी तीन हात लागतात. लगच्या खोबणीत जुना टूथब्रश आणि बांबूची काडी चालते.

खरवडलेला लगदा मोरीत सोडू नका. कागदावर वाळवा, पिशवीत बांधा आणि घातक कचरा म्हणून वेगळा द्या. फ्रेम साबणाच्या पाण्याने नीट धुवा, कारण रिमूव्हरचा अंश खोबणीत राहिला तर नवा रंगही तो सोडवतो.

गंज

वरवरचा गंज १२० आणि मग २२० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून निघतो. खोल गेलेल्या गंजाला लिंबूसत. किराणा दुकानातलं साधं सायट्रिक अ‍ॅसिड, एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. सुती चिंध्या त्यात भिजवून गंजलेल्या भागाला गुंडाळा, वर प्लॅस्टिक, आणि तीन-चार तास ठेवा. गंज काळसर चिखल होऊन सुटतो, तारेच्या काथ्याने घासला की खाली राखाडी लोखंड दिसतं.

संडासच्या अ‍ॅसिडने हेच काम दहा मिनिटांत होतं असं कुणीतरी सांगेल. होतंही. पण ते अ‍ॅसिड लगच्या फटीत शिरतं आणि धुऊन पूर्ण निघत नाही. सहा महिन्यांनी नव्या रंगाखालून, बरोबर लगच्या कडेने, तपकिरी फोड येतात. ओळखीतल्या एका सायकलीचं असं झालं. रंगवणाऱ्याने रंगाला दोष दिला, रंग बिचारा चांगला होता.

लिंबूसतानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग गरम पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. लगेच म्हणजे खरंच लगेच. उघडं लोखंड दमट हवेत अर्ध्या तासात पिवळट पडतं. नळ्यांना आतल्या बाजूने बारीक भोकं असतात, त्यांतून आत गेलेलं पाणी काढायला फ्रेम वेगवेगळ्या कोनांत उलटीपालटी करा आणि दिवसभर उन्हात ठेवा. मग २२० चा कोरडा हात, थिनरच्या फडक्याने पुसणं आणि त्याच दिवशी प्रायमर. या क्षणापासून फ्रेमला उघडा हात लावायचा नाही. बोटांचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही, पण प्रायमरला कळतो.

गंजाने पडलेले खड्डे फार खोल नसतील तर प्रायमर आणि घासण्यात बुजतात. पोचा असेल तर गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांकडची दोन घटकांची लांबी, म्हणजे पुटी, मिळते. ती उघड्या, घासलेल्या लोखंडावर लावायची. वाटाण्याएवढी लांबी आणि तांदळाएवढा हार्डनर असं थोडं थोडं कालवा, कारण पाच मिनिटांत ती दगड होते. मी लहान पोचे भरत नाही. आबांची सायकल एकदा बैलगाडीला घासली होती, त्याचा पोचा वरच्या दांडीवर आहे. मी लहानपणी त्याच दांडीवर बसून शाळेत जायचो, तो पोचा मांडीला लागायचा.

थिनरचा प्रश्न

आता हार्डवेअरवाल्या काकांचं. बाजारात घरच्या माणसाला मिळणारे रंग ढोबळमानाने तीन घराण्यांचे. पहिला सिंथेटिक एनॅमल, ज्याला आपण ऑइल पेंट म्हणतो, तोच दारं-खिडक्यांचा. तो टर्पेंटाइनमध्ये पातळ होतो आणि सावकाश वाळतो. दुसरा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्याला एनसी थिनर लागतो आणि तो मिनिटांत वाळतो. तिसरा दोन घटकांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळायचा, गाड्यांचा.

एनॅमलवर एनसी मारायचा नाही. एनसीचा थिनर खालच्या एनॅमलला फुगवतो आणि सगळा रंग सुरकुततो. मी हेच केलं होतं. टर्पेंटाइनचा प्रायमर, टर्पेंटाइनचा रंग आणि वर चकाकी हवी म्हणून स्प्रे कॅनमधलं क्लिअर लॅकर. गॅलरीत टांगलेली फ्रेम माझ्या डोळ्यांदेखत सुकलेल्या आंब्याच्या सालीसारखी झाली. सगळं पुन्हा रिमूव्हरपासून.

खालचा रंग पूर्ण काढलेला नसेल तर तो कुठल्या घराण्यातला हे एनसी थिनरने कळतं. फडकं थिनरमध्ये बुडवून आतल्या, न दिसणाऱ्या जागी चोळा. रंग विरघळून फडक्यावर आला तर एनसी, सुरकुतला तर एनॅमल, ढिम्म राहिला तर भाजलेला किंवा पीयू.

पीयू सगळ्यात टिकाऊ हे खरं, पण तो घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं श्वासातून गेली तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो, आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. हवाच असेल तर गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये तयार फ्रेम घेऊन जा.

रोडस्टरसाठी माझी पसंती सिंथेटिक एनॅमल, ब्रशने. लोक हसतात. पण नीट लावलेलं काळं एनॅमल जसं गडद आणि मऊ चमकतं तसं स्प्रे कॅनमधलं नाही चमकत, आणि ओरखडा पडला तर त्याच डब्यातून भरता येतो. प्रायमर आणि रंग दोन्ही अर्धा-अर्धा लिटर घेतले तर मडगार्ड आणि चेन कव्हर धरून उरतात. स्प्रे करायचा असेल तर फ्रेम आणि फोर्कला प्रायमरचा दीड-दोन आणि रंगाचे दोन-तीन कॅन धरा, आणि प्रायमर, रंग, क्लिअर तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या.

हवा बघून

पावसाळ्यात हे काम नको. दमट हवेत एनसीवर पांढरट धुकं चढतं आणि एनॅमल दोन-दोन दिवस चिकट राहतं. देशावर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. कोकणात आणि मुंबईत त्यातल्या त्यात कोरडे दिवस निवडा. सकाळी दव उडाल्यावर, दहाच्या सुमाराला सुरू करा आणि चारला हात धुवा. संध्याकाळी दिव्याला येणारी चिलटं ओल्या काळ्या रंगावर हमखास बसतात. बसलंच एखादं तर ओल्यात चिमट्याने काढायला जाऊ नका. वाळू द्या, मग पेपरने घासा. पंख तेवढे राहतात.

थिनर आणि टर्पेंटाइनच्या वाफा पेट घेतात. गॅस, उदबत्ती आणि देवघरातली समई यांच्यापासून लांब काम करा. स्प्रेसाठी धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफांचे काडतूस असलेला मास्क घ्या.

प्रत्यक्ष रंग

आधी झाकायच्या जागा: बीबीचे आटे, हँडलच्या नळीतल्या कपांच्या बैठकी, फोर्कच्या मुंडीवर कप बसतो ती जागा, सीटच्या नळीचं तोंड आणि चाकाच्या खाचांचे आतले पृष्ठभाग. जाड कागदाची सुरळी करून नळीत सोडली की ती स्वतःच उलगडून घट्ट बसते. फ्रेम टांगायला झाडूचा दांडा हँडलच्या नळीतून घाला आणि दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेका. दांडा फिरवला की फ्रेम फिरते, तिला हात लावावा लागत नाही.

प्रायमर रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचा, दोन पातळ हात, मधे एक रात्र. वाळल्यावर ३२० च्या पेपरने हलका हात. प्रायमर सच्छिद्र असतो आणि पाणी पितो, म्हणून नुसत्या प्रायमरवर फ्रेम आठवडेच्या आठवडे ठेवू नका.

रंगाचा डबा ढवळून घ्या आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळा. साय आणि गुठळ्या इथेच अडकतात. पाच ते दहा टक्के टर्पेंटाइन. एक इंची केसांचा चांगला ब्रश घ्या. स्वस्त ब्रश केस सोडतो आणि ते केस तुम्हाला आयुष्यभर दिसत राहतात. ब्रशचा एक तृतीयांश भागच बुडवा. आधी अवघड जागा: बीबीच्या खाली, मागच्या नळ्यांच्या आतल्या बाजू, लगचे कोपरे. लांब नळ्या शेवटी. नळीवर आधी आडवा हात फिरवून रंग पसरवा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशच्या टोकाने लांबीच्या दिशेने एकच हलकी ओढ. पिसासारखी. आणि सोडून द्या. एनॅमल स्वतःला सपाट करतं, फक्त त्याला एकटं सोडायला हवं. दहा मिनिटांनी एकदा फेरी मारा. लगच्या खालच्या कडेला आणि बीबीच्या पोटाला थेंब जमलेला असतो, तो ब्रशच्या टोकाने टिपा. अर्ध्या तासानंतर दिसलेल्या थेंबाला हात लावू नका.

२४ तासांनी ६०० चा पेपर, पाणी आणि साबणाचा थेंब लावून, चकाकी मरेपर्यंत हलका हात. लगच्या कडांवर जवळजवळ नाहीच, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि दोन घासांत लोखंड उघडं पडतं. पुसा, वाळवा आणि दुसरा हात द्या. दोन हात पुरतात. तिसरा हात बहुतेक वेळा आपल्या हौसेचा असतो.

स्प्रे करणाऱ्यांसाठी थोडक्यात: आतली गोळी वाजायला लागल्यावरही दोन मिनिटं कॅन हलवा. २० ते २५ सेंटिमीटरवरून, नळीच्या बाहेर सुरुवात आणि नळीच्या बाहेर शेवट. पहिला थर धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहिला तरी चालेल. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन पातळ थर. पुढचा थर किती वेळाच्या आत किंवा किती तासांनंतर द्यायचा हे कॅनवर लिहिलेलं असतं. तो मधला काळ टाळा, तेव्हाच रंग सुरकुततो.

मागच्या मडगार्डच्या टोकाचा पांढरा पट्टा विसरू नका. तो नसला की जुनी काळी सायकल अपुरी वाटते, मात्र काय कमी आहे ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

सोनेरी रेघा

मास्किंग टेपने रेघ मारता येते: दोन बारीक टेपांच्या मधे दोन मिलिमीटरची फट ठेवून, कडा नखाने दाबून, आणि रंग अर्धवट ओला असतानाच टेप तिरकी ओढून. पण टेपेची रेघ टेपेची दिसते.

मी गेल्या वेळी नंबर प्लेट रंगवणाऱ्या एका दादांना घरी बोलावलं. त्यांनी सोनेरी एनॅमल टर्पेंटाइनने दुधाएवढं पातळ केलं, लांब केसांचा लायनर ब्रश त्यात घोळवून पत्र्यावर सपाट केला, करंगळी नळीच्या कडेला टेकवली आणि हात स्वतःकडे ओढत वरच्या दांडीवर हातभर रेघ एका दमात काढली. मी म्हटलं, "मला जमेल का?" ते म्हणाले, "आधी चार दिवस बाटलीवर काढा." मी काढल्या. चौथ्या दिवशी वीसातली एक बरी यायला लागली. बाटली गोल असते, नळीसारखीच, आणि पुसता येते.

पुसण्यावरून आठवलं. खालचा काळा रंग दोन-तीन आठवडे मुरलेला असेल तर चुकलेली रेघ टर्पेंटाइनच्या फडक्याने लगेच पुसली तरी खाली काही होत नाही. हा दिलासा असला की हात थरथरत नाही. ब्राँझ पावडरचं सोनेरी काही वर्षांत काळवंडतं, त्यापेक्षा गडद मोतिया पिवळा एनॅमल जास्त टिकतो आणि काळ्यावर लांबून सोनेरीच दिसतो.

वाळणं आणि मुरणं

एनॅमल सहा-आठ तासांत हाताला लागेनासं होतं, त्यावरून फसू नका. आत ते मऊच असतं. बीबीच्या पोटावर नख दाबून बघा. खूण उठली तर अजून थांबा. हिवाळ्यात दोन-तीन आठवडे सहज लागतात.

एका वर्षी खंडेनवमीला सायकलची पूजा करायची म्हणून मी पाच दिवस आधी शेवटचा हात दिला होता. कोरडी दिसत होती. हळदकुंकू लावलं, झेंडूचा ओला हार दांडीवरून घातला आणि दिवसभर ठेवला. रात्री हार काढला तर दांडीवर झेंडूच्या फुलांचे गोल ठसे, पाकळ्यांसकट, आणि बिल्ल्याखाली कुंकवाचा ठिपका रंगात रुतलेला. दांडी पुन्हा घासून रंगवली. ठिपका आईने काढू दिला नाही, तो अजून तिथे आहे.

रंग मुरल्यावर जास्त चकाकी हवी असेल तर १५०० आणि २००० चा पेपर पाण्यात भिजवून, मग रबिंग कंपाउंड आणि मऊ फडकं. ब्रशच्या रेघा दिसत नसतील तर याची गरज नाही.

जोडणी

जोडण्याआधी नळ्यांना आतून तेल द्या. दुकानात तयार मिळणारं उकळलेलं (बॉइल्ड) जवसाचं तेल नळ्यांच्या भोकांतून थोडं थोडं आत सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि जादाचं निथळू द्या. ते आत वाळून पापुद्रा धरतं आणि आतला गंज रोखतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात बुडवा किंवा बाहेर सपाट पसरा.

कपांच्या बैठकींवर रंग गेला असेल तर ब्लेडने खरवडा, नाहीतर कप तिरका बसतो. कप लाकडी ठोकळा ठेवून ठोका. छर्रे नवे घ्या, महाग नसतात. ब्रेकच्या क्लिपा आणि पंपाचे कंस नळीला आवळतात तिथे जुन्या ट्यूबची पातळ पट्टी घाला. सीटचा बोल्ट आवळताना लगच्या कानांवर रंग थोडा तडकणारच, जीव खाऊ नका. नव्या कॉटर पिना पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ठोकून आवळा.

उरलेला रंग डब्यात साय धरतो. त्यातला थोडा, पातळ न करता, नेलपॉलिशच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या बाटलीत काठोकाठ भरा. ब्रश आयताच मिळतो आणि स्टँडवर, चेन कव्हरच्या कडेला पडणारे पहिले टवके त्याच दिवशी बुजवता येतात. आमच्या कपाटात अशा तीन बाटल्या आहेत. काळ्या बाटलीवर आता "सायकलचा रंग, नखांना लावू नये" अशी चिठ्ठी आहे. ती आधी नव्हती.